पैनगंगेकाठच्या सीमेवरच्या गावाचा इतिहास-भूगोल लिहायचाय: जुने कागद नेमके कुठं शोधायचे?

काठावरचा (प्रश्न)

झरी-जामणी तालुक्यातलं पैनगंगेकाठचं गाव आहे. नदी ओलांडली की आदिलाबाद जिल्हा. ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत दोन फलक लावायचे ठरलंय, एक भूगोलाचा, एक इतिहासाचा. तोच मजकूर थोडा वाढवून शाळेसाठी वीस-पंचवीस पानांची पुस्तिका. हाताशी आहे ते एवढंच: चालू सातबारे, गाव नकाशाची झेरॉक्स (तीही झेरॉक्सची झेरॉक्स) आणि २०११ च्या जनगणनेतला आकडा.

अडलंय ते असं. जुनी माणसं नदीपलीकडच्या मुलखाला अजून "मोगलाई" म्हणतात. त्यातले काही म्हणतात आपलं गावही मोगलाईत होतं, काही म्हणतात कधीच नव्हतं, आपण वऱ्हाडातले. दुसरं, झेरॉक्सवर नदी वावरांपासून जितकी लांब दिसते तितकी आज नाही, आणि मोबाईलच्या नकाशात राज्याची रेघ कुठं पाण्यातून जाते तर कुठं आपल्या बांधावरून. तिसरं, शिवेवर एक उभा दगड आहे. वर चंद्र-सूर्य, खाली कोपरात वाकलेला हात, मनगटात बांगड्या. लोक शेंदूर लावतात. फलकावर त्याला काय म्हणायचं? आणि गावाचा सगळ्यात जुना कागद कुठं मिळेल?

---

जुनी मिसल

भाऊ, दोन्ही म्हातारे बरोबर आहेत, फक्त "कधी" हे विचारायचं राहिलंय. सीमेवरच्या गावाचा कागद शोधताना पहिलं काम हेच: कोणत्या साली गाव कोणाच्या कारभारात होतं याची पट्टी आखून घ्या. कागद कारभाराच्या मागं जातो, आजच्या जिल्ह्याच्या मागं जात नाही.

तुमच्या काठाची पट्टी अशी. अठराव्या शतकात वऱ्हाडात नागपूरकर भोसले आणि निजाम दोघांची वसुली चालायची, तिला दोअमली म्हणत. १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडं गेला. तेव्हापासून ५० वर्षं पैनगंगेचे दोन्ही काठ निजामाचे, म्हणजे तुमचं गाव खरंच मोगलाईत होतं. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, पैनगंगा सरहद्द झाली आणि "मोगलाई" हा शब्द पलीकडच्या काठापुरता उरला. म्हणजे "कधीच नव्हतं" म्हणणारे १८५३ नंतरचं सांगतायत.

पुढं १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतला गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला. १९५० पासून जुना मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० ला महाराष्ट्र. पलीकडचा काठ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात, १९५६ ला आंध्र प्रदेशात, २ जून २०१४ पासून तेलंगणात. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्यामुळे समोरचं गाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे ते मंडळासकट तपासूनच लिहा.

जिल्ह्याच्या नावानं शोधताना बहुतेकांची एक चूक होते. १९०५ च्या आधी "यवतमाळ जिल्हा" असा सापडणार नाही. तो "वणी" जिल्हा होता, इंग्रजी कागदात त्याचं स्पेलिंग "वून" वाचलं जाईल असं असतं. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका यवतमाळला आला आणि जिल्ह्याचं नावही बदललं. गंमत म्हणजे त्याच साली पलीकडच्या सिरपूर-तांडूरचा आदिलाबाद जिल्हा झाला. आदिलाबादही जुन्या कागदात "एदलाबाद" असतं. झरी-जामणी तालुका अलीकडचा, तेव्हा जुने कागद आधीच्या केळापूर किंवा वणी तालुक्याच्या गठ्ठ्यात बघा. केळापूर तालुक्याचं ठाणं पांढरकवडा, ही नावं एकमेकांच्या जागी येतात.

आता कागद. वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायची पद्धत) मोजणी केली. ती १८६० च्या दशकात सुरू झाली आणि जमाबंदीची, म्हणजे ठरवलेल्या साऱ्याची, मुदत ३० वर्षांची होती. तुमच्या गावाचा हाती लागण्यासारखा सर्वांत जुना सरकारी कागद बहुधा याच मोजणीचा असेल. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात नक्कल अर्ज करा आणि त्यात कागदांची नावं एकेक करून लिहा: मूळ आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि सारा), टिपण (मोजणीचं कच्चं रेखाटन), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब), फाळणी नकाशा (पोटहिश्श्यांचा), गाव नकाशा. "गावाचे जुने सर्व कागद मिळावे" असा अर्ज केला की "उपलब्ध नाही" असं उत्तर येतं, कारण त्या नावाचं रजिस्टरच नसतं. तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या हक्कनोंदणीचे उतारे आणि फेरफार मागा. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज विसरू नका. चराई कुठं, सरपण कुठून, ढोरांचं पाणी कुठं, मसणवट, आखर, पांधण कोणती, हे त्यात लिहिलेलं असतं. गावाच्या भूगोलाचा याहून चांगला कागद दुसरा नाही, आणि लोक तो नेमका मागत नाहीत.

मोजणीआधीचं फार थोडं मिळतं. देशमुख-देशपांडे, पाटील-पटवारी घराण्यांकडं मोडीतले कागद असू शकतात. ते मिळाले तर आधी फोटो काढा, वाचायचं नंतर बघा. लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं शाई आणि कागद दोन्ही जातात.

---

गोदाकाठ ते पैनगंगा

निजामाचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. एकदा तिथं जाऊन या, सगळं मिळेल.

---

जुनी मिसल

सगळं नाही मिळणार, आणि तुमच्या बाबतीत तर फारच थोडं. १८५३ नंतर डाव्या, म्हणजे तुमच्या काठाचा महसूल हैदराबादकडून लिहिलाच गेला नाही. त्याआधीचं निजामाचं दफ्तर फारसीत आहे. ते परगण्यांच्या हिशेबाचं, त्यात तुमच्या गावाची एखादी ओळ निघाली तरी पुष्कळ. गावपातळीवरचं आधी तालुक्यात संपवा, मग नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात बघा, हैदराबाद शेवटी.

हैदराबादचा रस्ता राजुरा, कोरपना, जिवती या भागातल्या गावांनी धरावा. तो मुलूख निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ ला नांदेडला आला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला गेला. आज विदर्भात असला तरी त्याची कागदांची भाषा निराळी: सेतवार, पहाणी पत्रक, १९५४-५५ चं खासरा पत्रक. साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षाचं असतं. फसली आकड्यात ५९० मिळवा, म्हणजे ते साल ज्या ऑक्टोबरात सुरू झालं तो इसवी आकडा येतो. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासूनचं वर्ष, संस्थानाचं शेवटचं. रकमा "हाली"त, म्हणजे निजामाच्या रुपयात असतात. ७ हाली रुपयांचे साधारण ६ कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. सीमेवरच्या खरेदीखतात एकाच पानावर दोन्ही नाणी सापडतात आणि न बघता बेरीज केली की किंमत चुकते. पैनगंगा तेव्हा जकातीचीही हद्द होती. संस्थानच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत. तुमच्याकडं नदीच्या उताराजवळ "नाक्याचा माळ" असं काही शेताचं नाव असेल तर ते लिहून ठेवा.

अजून एक. वर्धा नदीच्या पूर्वेला, म्हणजे नागपूर, भंडारा, जुना चांदा इकडं, मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत जायचा. तिथं टिपण-गुणाकार मागितलं तर मिळणार नाही, बंदोबस्ताची मिसल, खसरा आणि अधिकार अभिलेख मागावा लागतो. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तलाव तेवढे "मामा तलाव" म्हणून राहिले. वणी तालुक्यातून वर्धा ओलांडली की कागदांची जातच बदलते, आज दोन्ही बाजू महाराष्ट्रात असल्या तरी.

---

काठावरचा

मोलाचं सांगितलंत. एका जुन्या उताऱ्याचा फोटो मिळालाय, त्यात क्षेत्र ३-२५ असं आहे. आजच्या सातबाऱ्यावर त्याच गटाचं १.४७ हेक्टर. कोणी म्हणतं जमीन वाढवून घेतली. खरं काय?

---

धुरा

काही वाढलेलं नाही. वऱ्हाडातलं ३-२५ म्हणजे ३ एकर २५ गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर, म्हणून ते ३.६२५ एकर. एका एकराचे ४०.४७ आर, गुणा: १.४६७ हेक्टर. बरोबर जुळतं. तुमच्या शंकेखोर माणसानं ते सव्वातीन एकर धरलं असणार, त्याचे १.३१५ हेक्टर होतात आणि मग १५ आर "वाढल्या"सारखे दिसतात. वर्धेच्या पूर्वेकडच्या जुन्या खसऱ्यात मात्र एकराचे शंभर भाग, डिसमिल, असतात. तिथं ३.२५ म्हणजे खरंच सव्वातीन. पुस्तिकेत गावाचं एकूण क्षेत्र देताना कोणत्या कागदावरून आणि कोणत्या मापात घेतलं ते शेजारी लिहा.

टिपणावर लांबी साखळी-आण्यात असेल. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. ३ साखळी ८ आणे म्हणजे ११५.५ फूट. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट.

आता नदीचं. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून कधीही अंतर मोजू नका. यंत्र दर वेळी थोडं ताणतं, आणि उभं-आडवं सारखं ताणत नाही. मूळ नकाशाची प्रमाणित प्रत घ्या किंवा महाभूनकाशावरचा डिजिटल नकाशा घ्या, आणि प्रमाण नकाशावरच वाचा. १:७९२० असेल तर ८ इंचाला मैल, एका सेंटिमीटरला ७९ मीटर. १:३९६० असेल तर १६ इंचाला मैल, एका सेंटिमीटरला सुमारे ४० मीटर. हे न बघता पट्टी लावली की नदी दुपटीनं लांब किंवा जवळ येते.

जुना नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवायला क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. कमीत कमी चार जुळणारे बिंदू लागतात, सहा-आठ घेतलेले बरे, आणि ते गावाच्या चारही कडांना पसरलेले हवेत. बिंदू असे निवडा जे हलत नाहीत: तीन गावांची शीव जुळते ते तिशिवेचे दगड, जुनी बांधीव विहीर, दोन धुरे (शेताचे बांध) काटकोनात मिळतात तो कोपरा. नदीचा काठ, नाल्याचं वळण, बैलगाडीचा रस्ता, झाड हे बिंदू घेऊ नका. नदी हलली की नाही हेच तर बघायचंय, मग तिलाच खुंटा कसं करणार? बसवल्यावर सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूची चूक दाखवतं. एकच बिंदू फार चुकत असेल तर तो दगड हललेला आहे किंवा तुम्ही भलताच दगड धरलाय.

मग वळणं बघा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठ कापतं, आतल्या बाजूला रेती-गाळ टाकतं. तुमच्या बाजूला बाहेरचं वळण असेल तर काठचे दोन-चार गट सातबाऱ्यावर पूर्ण आणि जागेवर अर्धे दिसतील. समोर तेवढीच नवी जमीन बसलेली दिसेल, उन्हाळ्यात डांगरवाडी लागते ती तीच. फलकावर मात्र "नदीने अमुक एकर पलीकडे नेली" असं लिहू नका. ते वाक्य मोजणीचं आहे, मोजणी झाली नसेल तर उद्या कोणीतरी त्याचा फोटो काढून दाव्याला जोडेल. "१८६० च्या दशकापासूनच्या मोजणीच्या नकाशाशी तुलना करता या वळणावर काठ उत्तरेकडे सरकलेला दिसतो" इथंच थांबा. साल अर्थात तुमच्या नकाशावरचं घाला.

मोबाईलच्या नकाशातली राज्याची रेघ पुरावा म्हणून बाद. ती लहान प्रमाणाच्या नकाशावरून ओढलेली असते, शंभर-दोनशे मीटरचा फरक सहज पडतो. तुमच्या मौज्याची (महसुली गावाची) हद्द गाव नकाशावर, समोरच्याची त्यांच्या.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशाही जरूर घ्या, १:५०,००० प्रमाणाचा. जुन्या क्रमांकात तुमचा पट्टा ५६ आय मध्ये येतो. रेखांश ७८°३०′ ते ७८°४५′ असेल तर ५६ आय/९, त्याच्या पूर्वेला ५६ आय/१३. पांढरकवडा शहर मात्र २० अक्षांशाच्या वर असल्यानं ५५ एल मध्ये जातं, म्हणून लोक चुकीचा नकाशा उतरवतात. विभागाच्या संकेतस्थळावर फुकट मिळणाऱ्या नव्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, तिथं अक्षांश-रेखांशानं शोधा. समोच्च रेषांवरून गावठाण नदीच्या पात्रापेक्षा किती उंच बसवलंय ते कळतं. आपल्याकडं जुनं गावठाण पांढरीवर (जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीवर) आणि पुराच्या वर असतं, नवी वस्ती खाली उतरलेली असते. पुराच्या वेळी हाच फरक नडतो. जुलै २०२२ च्या पुराची खूण अजून भिंतींवर असेल तर ती आत्ताच टिपा. १०-१५ मीटरची पारदर्शक नळी पाण्यानं भरून पाणसळ धरा, खुणेपासून टप्प्याटप्प्यानं शाळेच्या जोत्यापर्यंत उंची आणा आणि "जोत्यापासून इतके सेंटिमीटर वर/खाली" असं लिहा. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, प्रत्येक टप्प्याला दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समान आहे का ते तपासा. समुद्रसपाटीची उंची मोबाईलवरून घेऊ नका, ती पाच-दहा मीटरनं खोटी बोलते.

आणि हो, डावा-उजवा काठ नदीच्या वाहण्याच्या दिशेला तोंड करून ठरतो. पैनगंगा तुमच्याकडं पूर्वेला वाहते, तेव्हा तुमचा काठ डावा. जुन्या इंग्रजी कागदात उत्तर-दक्षिण न लिहिता असंच लिहिलेलं असतं.

---

शिळा आणि शेंदूर

दगडाबद्दल. वर्णनावरून ही सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या स्मरणाचा दगड. कोपरात वाकवून वर उचललेला हात, बांगड्या म्हणजे सौभाग्य, चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत स्मरण राहो. खाली घोड्यावरचा किंवा शस्त्र घेतलेला पुरुष असेल तर सोबत वीरगळही (लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक) आहे. शेंदराच्या थराखाली बहुधा काहीतरी असेल, पण तो खरवडू नका. दगडही जातो आणि लोकांची श्रद्धाही दुखावते. खडू, पीठ, चुना भरून अक्षरं उठवण्याचा मोहही नको.

फोटो सकाळी सूर्य वर यायच्या आत किंवा संध्याकाळी घ्या. तिरप्या उजेडात उथळ कोरीव काम उठून दिसतं. दिवसा जमलं नाही तर रात्री टॉर्च दगडाच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. शेजारी पट्टी ठेवा. जमिनीच्या वर किती आहे तेवढंच मोजा, खाली खणू नका. दगड आज उभा आहे तिथंच आधीपासून होता का, हेही विचारा. रस्ता रुंद करताना असे दगड उचलून देवळाजवळ ठेवलेले पुष्कळ ठिकाणी दिसतात. तो गाव नकाशावरच्या शिवेच्या दगडावर येतो का ते धुरा भाऊंच्या पद्धतीनं बसवून बघा.

अक्षरं नसतील तर शतक लिहू नका. हा आकार शेकडो वर्षं चालला, नुसता हात बघून काळ सांगता येत नाही. तीच गोष्ट देवळाची. काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं प्रत्येक देऊळ आपल्याकडं "हेमाडपंती" होतं. यादवकाळाशी जोडायला खांबांची घडण, द्वारशाखा (दाराची कोरीव चौकट), शिखराचे अवशेष असं काही हवं. फलकावर "सतीशिळा, काळ अनिश्चित" एवढं पुरे. नागपूरच्या राज्य पुरातत्त्व कार्यालयाला फोटो आणि जागा कळवून ठेवा.

---

विहीर नंबर सात

भूगोलाच्या फलकावर पाण्याचं कोणी लिहीत नाही, तुम्ही लिहा. झरी-जामणीत जमिनीखाली सगळीकडं सारखा खडक नाही. मुकुटबनकडं चुनखडक-डोलोमाइट, वणीकडं कोळसा, बाकी ठिकाणी काळा बेसाल्ट. एकाच शिवारात एका टोकाची विहीर बेसाल्टात आणि दुसऱ्या टोकाची चुनखडकात असू शकते. चुनखडकात पाणी भेगा-पोकळ्यांतून चालतं, म्हणून शेजारच्या दोन बोअरपैकी एक धो-धो आणि दुसरी कोरडी लागते. लोक त्याला नशीब म्हणतात.

आठ-दहा विहिरी निवडा. पाण्याची पातळी मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये मोजा, पंप रात्रभर बंद ठेवून पहाटे. दोरीला वजन बांधून कठड्यावरून मोजलेल्या अंतरातून कठड्याची उंची वजा करा: ७.४० वजा ०.९०, म्हणजे जमिनीखाली ६.५० मीटर. कठडा वजा करायचं विसरलं तर पुढच्या वर्षी नवा उंच कठडा बांधला की पाणी "खाली गेलं" असं दिसतं.

या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघतं, आणि खोल बोअरमध्ये जास्त. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको. त्याच पाण्यानं तीनदा विसळा, बोअर दहा मिनिटं चालवून मग भरा, बाटलीवर खोली आणि तारीख लिहा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. हे वाक्य शाळेच्या पुस्तिकेत ठळक छापा.

---

काठावरचा

शेवटची अडचण. आमच्या मौज्यात एक कोलाम पोड (कोलामांची वस्ती) आहे, दीड-दोन मैलावर. जनगणनेत ते दिसत नाही. आणि शेजारच्या गावाच्या नावात "इजारा" आहे, शिवाय एक नाव जनगणनेत आहे पण तिथं घरच नाही.

---

जुनी मिसल

पोड वेगळं महसुली गाव नसतं, ते मौज्यात मोजलं जातं, म्हणून जनगणनेच्या गावयादीत त्याचं नाव येत नाही. पुस्तिकेत त्याला स्वतंत्र पान द्या. घरं किती, पाणी कुठून, शाळा किती अंतरावर, गावठाणाची नोंद आहे की नाही. कोलाम ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कोलामी ही द्राविडी भाषा. जागांची नावं त्यांच्या तोंडून कोलामीतच घ्या. मराठी कागदात आलेलं नाव पुष्कळदा ऐकण्यात बिघडलेलं असतं, आणि मग त्या बिघडलेल्या शब्दावरून व्युत्पत्तीच्या गोष्टी रचल्या जातात.

"इजारा" म्हणजे पडीत जमीन ठरावीक मुदतीनं मक्त्यानं देऊन वसवलेलं गाव. १८६५ च्या पडीत जमिनीच्या नियमांनंतर वऱ्हाडात, विशेषतः तुमच्या जिल्ह्यात, अशी गावं वसली. नावात इजारा असेल तर कागदात इजारदाराचं नाव शोधा. रयतवारी मुलखात ही गावं अपवाद होती.

घर नसलेलं नाव म्हणजे रीठ. कागदात "बेचिराग" किंवा "रिठी" असतं. मौजा जिवंत, वस्ती नाही. जमीन कसणारे शेजारच्या गावात राहतात. तिथं जुनी पांढरी, फुटकी खापरं, पडकी विहीर, एखादं मारुतीचं किंवा मातामायचं ठाणं सापडतं. ते गाव का उठलं हे विचारताना सालाला खुंटा द्या: १८९९-१९०० चा दुष्काळ, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ), १९४८ ची पोलीस कारवाई, १९७२ चा दुष्काळ. "आजीच्या लहानपणी" या उत्तराला "बहात्तरच्या आधी की नंतर?" असं विचारलं की नेमकं उत्तर येतं. खापरं उचलून घरी आणू नका, जागेवर फोटो घ्या.

लोकसंख्येचा तक्ता करताना १९५१ ची जिल्हा पुस्तिका मध्य प्रदेश सरकारच्या नावाखाली शोधा, १९६१ पासून महाराष्ट्राच्या. रिठीचं क्षेत्र तुमच्या गावाच्या क्षेत्रात मिळवू नका, तिचा क्रमांक वेगळा आहे. मात्र गट ग्रामपंचायत असेल तर "मौजा" आणि "ग्रामपंचायत" या दोन हद्दी दोन रंगांत दाखवा, नाहीतर फलकावरचं क्षेत्र आणि आकारबंदातलं क्षेत्र कधीच जुळणार नाही.

आणि समोरच्या काठावर ज्यांची वावरं आहेत त्यांचे कागद तेलंगणाचे: पट्टादार पासबुक. तिथली ऑनलाइन नोंद २०२० पासून धरणीवर होती, २०२५ मध्ये भू भारती आलं. क्षेत्र तिकडं अजून एकर-गुंठ्यातच आहे. चनाखा-कोरटा बॅरेज तुमच्या नकाशाच्या चौकटीत येत असेल तर तेही दाखवा. ते पैनगंगेवरचं दोन राज्यांच्या २०१६ च्या करारातलं काम, चनाखा केळापूर तालुक्यात आणि कोरटा आदिलाबाद जिल्ह्यात. नावं दोन्ही काठांची लिहा.

---

काठावरचा

सोमवारी नक्कल अर्ज टाकतो, पाचही नावं वेगवेगळ्या ओळीत. वाजिब-उल-अर्जसाठी तहसीलला वेगळा.

---

धुरा

अर्जावर जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर दोन्ही टाका. गटवारी (जुने सर्व्हे नंबर एकत्र करून नवे गट) झालेली असली तर नुसत्या गट नंबरावर टिपण निघत नाही.